सोन्यावर निजलेला: खेळातल्या ड्रॅगनची वंशावळ

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तीन पातळ पुस्तिका असलेली एक पेटी विक्रीस आली. पहिल्या खेपेच्या प्रती अवघ्या १,०००. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. दुसरी पुस्तिका राक्षस आणि खजिने यांविषयी आहे. तिच्यातल्या ड्रॅगनच्या प्रकरणात एक नियम असा आढळतो: ड्रॅगनला ठार न करता नुसते मारून नमवता येते, आणि नमवलेला ड्रॅगन बाजारात विकता येतो. भाव, त्याच्या प्रत्येक ‘हिट पॉइंट’मागे ५०० ते १,००० सुवर्णमुद्रा.

हिट पॉइंट म्हणजे एखादा जीव किती घाव सोसून उभा राहू शकतो हे सांगणारा आकडा. त्याच प्रकरणात आणखी एक आकडा आहे: ड्रॅगनला बोलता येत असण्याची शक्यता, टक्केवारीत. बोलणारा, क्वचित मंत्रविद्या जाणणारा जीव आणि त्याचा बाजारभाव, असे दोन्ही शेजारीशेजारी छापलेले आहेत. आजचा धागा या शेजाराविषयी आहे.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार; तो भुयारे, राक्षस, गावे यांचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते सांगतात. जमले की फसले, हे फासे ठरवतात. पात्र जसजसे अनुभव मिळवते तसतशी त्याची पातळी वाढते. या साऱ्यात ड्रॅगन हा अखेरचा, सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. खेळाच्या नावातच त्याला जागा मिळाली आहे.

त्यातही मानाचे पान लाल ड्रॅगनचे. १९७७ साली आलेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात त्याचा स्वभाव सविस्तर दिला आहे. तो डोंगराळ मुलखात राहतो, जमिनीखालच्या गुहेत घर करतो, कमालीचा लोभी असतो. तोंडातून शंकूच्या आकाराचा आगीचा लोट सोडतो. लोटाची लांबी ९० फूट, टोकाशी रुंदी ३० फूट. दिवसातून तीनदाच. वयाच्या आठ अवस्था आहेत. पिल्लापासून सुरुवात होते आणि ४०० वर्षे उलटली की तो ‘प्राचीन’ गणला जातो. जोडपे आणि पिल्ले एकत्र सापडू शकतात, आणि पिल्लांवर हात टाकला तर आईबाप चवताळून उठतात. तो झोपलेला सापडण्याची शक्यतासुद्धा दिलेली आहे. पांढरा ड्रॅगन मंद, त्यामुळे बहुधा झोपलेला. लाल मात्र सहसा जागा असतो.

वाचताना वाटते, कोणी निसर्गअभ्यासक डोंगरात तंबू ठोकून टिपणे घेत बसला होता. हा सूर गायगॅक्सचा स्वतःचा नव्हे, तो फार जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आपल्या ‘निसर्गेतिहासा’त ड्रॅगनची माहिती हत्तींच्या प्रकरणात देतो, आणि ती भारताच्या संदर्भात देतो: सर्वांत मोठे हत्ती भारतात, आणि त्यांच्याशी सतत झुंजणारे ड्रॅगनही तिथलेच. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इसिडोरने आपल्या कोशात हीच परंपरा पुढे नेली. त्याच्या मते ड्रॅगन हा सर्व सर्पांत मोठा. त्याचे बळ दातांत नसून शेपटीत असते. तो हत्तीला विळखा घालून गुदमरवून मारतो. मध्ययुगीन युरोपातल्या सचित्र प्राणिग्रंथांनी हे सगळे उतरून घेतले. युरोपीय विद्वानांच्या लेखी शतकानुशतके ड्रॅगन हा आपल्याकडचा एक प्राणी होता, याची गंमत वाटते. बहुधा कुठल्यातरी अजगराची गोष्ट व्यापाऱ्यांच्या तोंडून रोमपर्यंत पोहोचता पोहोचता फुगली असावी.

इसिडोरच्या या ड्रॅगनचे खरे हत्यार शेपटी आहे, आग नव्हे. मध्ययुगीन कथांतले पुष्कळ ड्रॅगन विषारी श्वासाने मारतात. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संकलित केलेल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रसंग्रहात संत जॉर्जची कथा आहे. तिच्यातला ड्रॅगन तळ्यात राहतो आणि त्याच्या श्वासाने नगरातली हवा विषारी होते. जॉर्ज त्याला भाल्याने जखमी करतो आणि राजकन्येला आपला कमरपट्टा त्याच्या गळ्यात बांधायला सांगतो. मग तो ड्रॅगन पाळीव जनावरासारखा तिच्यामागून नगरात चालत येतो. नमवलेला ड्रॅगन गावात आणणे ही कल्पना १९७४ च्या नियमाच्या सातशे वर्षे आधीची आहे. फरक इतकाच की त्या कथेत लोकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्याचा वध होतो; भाव कोणी विचारत नाही.

आगीचे जुने दाखले हवे असतील तर बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातला लिव्हायथन आहे. त्याच्या तोंडातून ज्वाळा आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. पण खेळातल्या लाल ड्रॅगनचा खरा पूर्वज पाहायचा तर इंग्लंडला जावे लागते. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतले ३,१८२ ओळींचे काव्य. त्याचे एकमेव हस्तलिखित साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचे आहे आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. १७३१ साली ते ज्या घरात ठेवले होते त्याला आग लागली आणि पानांच्या कडा करपल्या. आग ओकणाऱ्या प्राण्याच्या काव्याने स्वतः आगीतून वाचावे, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण नाक मुरडले असते.

काव्याचा अखेरचा भाग ड्रॅगनचा आहे. एका प्राचीन टेकाडात पुरलेल्या धनावर तो तीनशे वर्षे बसून आहे. एक माणूस आत शिरून, तो झोपेत असताना, एक पेला पळवतो. जागा झालेला ड्रॅगन रात्र होण्याची वाट पाहतो आणि मग गावे जाळत सुटतो. पन्नास वर्षे राज्य केलेला म्हातारा राजा बेओवुल्फ त्याच्याशी लढायला निघतो. बरोबरचे सगळे रानात पळतात. विग्लाफ नावाचा एक तरुण तेवढा उभा राहतो. ड्रॅगन मरतो, आणि त्याच्या दंशाचे विष भिनून राजाही मरतो. मेलेल्या ड्रॅगनची लांबी कवी नोंदवतो: पन्नास फूट. मोजमाप घेण्याची ही हौस खेळापर्यंत उतरलेली दिसते.

हा ड्रॅगन एक शब्दही बोलत नाही. बोलणारा ड्रॅगन उत्तरेकडच्या दुसऱ्या परंपरेत आहे. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘व्होल्सुंगा सागा’तला फाफनिर मुळात ड्रॅगन नाही. तो बापाला मारून सोने बळकावतो, त्या सोन्यावर जाऊन पडतो आणि पडून राहता राहता ड्रॅगन होतो. सिगुर्ड त्याच्या वाटेवर खड्डा खणून आत लपतो आणि वरून सरपटत जाणाऱ्या फाफनिरच्या पोटात खालून तलवार खुपसतो. मरता मरता फाफनिर त्याच्याशी बराच वेळ बोलतो आणि बजावतो, की हे सोने तुझाही जीव घेईल. तो विष फेकतो, आग ओकत नाही.

आपल्याकडे आजीच्या तोंडून ऐकलेले गुप्तधन इथे आठवल्यावाचून राहत नाही. कवडीचुंबक माणूस मेला की आपल्याच पुरलेल्या हंड्यावर नाग होऊन बसतो, ही समजूत महाराष्ट्रात गावोगाव आहे. फाफनिर आणि तो नाग एकमेकांपासून निघाले असे मी म्हणत नाही. लोभाला सापाचे शरीर देण्याची बुद्धी दोन्हीकडे झाली, इतकेच.

या दोन ड्रॅगनना एका अंगात आणणारा माणूस म्हणजे ऑक्सफर्डचा जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन. नोव्हेंबर १९३६ मध्ये त्याने ब्रिटिश अकादमीपुढे ‘बेओवुल्फ’वर व्याख्यान दिले. काव्यातले राक्षस हा कवीचा बालिशपणा नसून काव्याचा गाभाच आहे, अशी त्याची मांडणी होती. उत्तरेच्या साहित्यात खरे महत्त्वाचे ड्रॅगन बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, हेही त्याने तिथे नोंदवले. पुढच्याच वर्षी ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले. त्यातला स्मॉग बेओवुल्फच्या ड्रॅगनसारखा आग ओकतो, चोरीला गेलेल्या एका पेल्यावरून पिसाळतो आणि गाव जाळायला निघतो. फाफनिरसारखा तो बोलतो, आणि बोलण्यातच धोकादायक आहे. पोटावरची नाजूक जागा हीही फाफनिरचीच देणगी. आपल्या राशीतला पेला न् पेला त्याला ठाऊक असतो.

खेळातला लाल ड्रॅगन स्मॉगचा नातू आहे, हे ‘द हॉबिट’ वाचलेल्या कोणालाही पहिल्या भेटीतच कळते. गायगॅक्स मात्र टोल्किनचे ऋण मान्य करताना हात आखडता घेत असे. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधल्या प्रेरणास्रोतांच्या यादीत टोल्किन आहे, पण सर्वांत थेट प्रभाव म्हणून त्याने नावे घेतली ती इतरांची. त्याआधी टोल्किनच्या हक्कधारकांच्या हरकतीमुळे खेळातल्या ‘हॉबिट’ लोकांना ‘हाफलिंग’ व्हावे लागले होते, हे लक्षात घेतले तर त्याचा तुटकपणा समजतो. ड्रॅगनवर मात्र कोणाचाच हक्क नव्हता.

मग रंगीबेरंगी ड्रॅगन आले कुठून? इथे पुराणकथांपेक्षा युद्धखेळांकडे पाहावे लागते. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे, छोट्या शिशाच्या सैनिकांनिशी मध्ययुगीन लढाया खेळण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्याला एक काल्पनिक पुरवणी जोडली होती आणि तिच्यात ड्रॅगन होते. युद्धखेळात प्रत्येक तुकडीचे हत्यार वेगळे असले तर डाव रंगतो. म्हणून पांढऱ्याच्या तोंडी थंडी आली, काळ्याच्या तोंडी आम्ल, निळ्याच्या वीज, हिरव्याच्या क्लोरीन वायू. हे माझे अनुमान आहे, पण पहिल्या महायुद्धातला वायू मध्ययुगीन ड्रॅगनच्या तोंडात सापडतो तेव्हा याहून वेगळा अर्थ लावणे कठीण जाते. १९७४ च्या सहा रंगांत एकटा सोनेरी सज्जनांच्या बाजूचा. त्याच्यामागे चीनचा पाऊस देणारा, मंगल ‘लुंग’ उभा आहे.

खेळात पुढे दोन मोठी नावे आली, आणि त्यांच्याविषयी समाजमाध्यमांवर बराच गोंधळ दिसतो. १९७७ च्या ग्रंथात दुष्ट ड्रॅगनची पाच तोंडांची राणी आहे, तिचे नाव तियामत. सज्जन ड्रॅगनचा राजा बहामुत. तियामत हे नाव बाबिलोनच्या ‘एनुमा एलिश’ या सृष्टिकथेतल्या खाऱ्या सागराच्या आदिमातेचे. तिला पाच तोंडे आणि पाच रंग असल्याचा त्या काव्यात मागमूस नाही. बहामुत हा अरबी विश्ववर्णनांतला जगाचा भार पेलणारा प्रचंड मासा. त्यामुळे ‘बाबिलोनमध्ये पाच तोंडांच्या ड्रॅगनची पूजा होई’ अशा पोस्ट दिसल्या की समजावे, उगम मेसोपोटेमियात नसून विस्कॉन्सिनमध्ये आहे. ‘ड्रॅगन म्हणजे आपला वृत्र’ या विधानालाही हीच सावधगिरी लागू. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसतो; सोन्याशी त्याचा संबंध नाही. एका शब्दाखाली सगळ्यांना कोंबले की प्रत्येकजण कशावर बसला होता आणि का, हा प्रश्नच नाहीसा होतो.

तो प्रश्न ‘बेओवुल्फ’मध्ये फार ठळक आहे. टेकाडातले सोने ड्रॅगनचे नाही. एक संपूर्ण जमात लढायांत नष्ट झाली. तिच्यातला उरलेला शेवटचा माणूस आपल्या लोकांचे पेले, चिलखते, तलवारी मातीच्या स्वाधीन करतो, विलाप करतो आणि मरतो. ड्रॅगनला ते धन नंतर सापडते. आणि ड्रॅगन मेल्यावर काय होते? बेओवुल्फचे लोक ते सोने वाटून घेत नाहीत. राजाच्या रक्षेबरोबर ते पुन्हा जमिनीत पुरतात, जिथे ते पूर्वीइतकेच निरुपयोगी पडून राहते. राजा गेला, आता शेजारी चाल करून येणार, हे सर्वांना ठाऊक असते. टोल्किनने हा धागा सोडला नाही. स्मॉग मरतो आणि ‘हे सोने कोणाचे’ यावरून बुटके, माणसे आणि एल्फ एकमेकांवर शस्त्रे उपसतात. पुस्तकाची शेवटची लढाई त्यातूनच उभी राहते.

१९७४ च्या पुस्तिकेत ड्रॅगनच्या धनाला एक अक्षर आहे: ‘एच’. खजिन्यांच्या तक्त्यात त्या ओळीत तांबे, चांदी, सोने, रत्ने, दागिने, जादूच्या वस्तू यांच्या शक्यता दिल्या आहेत. सूत्रधार फासे टाकतो आणि रास तयार होते. तिला आधीचा मालक नसतो. शेवटचा माणूस नाही, विलाप नाही, शाप नाही. फाफनिरची रास ज्याच्या हाती पडेल त्याला खाते. ‘एच’ रास ज्याच्या हाती पडेल त्याला मोठा करते. हे अक्षरशः खरे आहे, कारण नियमानुसार बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे पात्राला एक अनुभवगुण मिळे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने राक्षस मारण्याबद्दलचे गुण बरेच घटवले, तेव्हा सोने हाच मोठे होण्याचा मुख्य मार्ग उरला.

एवढे ध्यानात आले की ड्रॅगनच्या बाकीच्या सवयींचा अर्थ लागतो. त्याच्या झोपेची टक्केवारी कशाला? कारण निजलेल्याकडून चोरणे हे जागलेल्याशी लढण्यापेक्षा किफायतशीर असते. आग दिवसातून तीनदाच का? कारण चौथ्या वेळी खेळाडूला संधी मिळायला हवी. जो प्राणी अखंड आग ओकतो तो दैव आहे, त्याच्याशी हिशेब करता येत नाही. १९८१ साली टॉम मोल्डव्हेने संपादित केलेल्या पेटीत तर श्वासाने होणारी इजा ड्रॅगनच्या त्या क्षणी उरलेल्या हिट पॉइंटइतकी आहे. तो जितका घायाळ, तितकी आग मंद. मला स्वतःला हा नियम फार आवडतो. आग म्हणजे त्याचा प्राणच आहे, असे त्यातून ओघाने दिसते. पण तोही अखेर एक हिशेब आहे, आणि विक्रीचा भावही त्याच आकड्यावर ठरतो.

यावर कोणी म्हणेल, खेळच तो, त्याला शोकांतिकेचे निकष कशाला लावायचे? मान्य. नियम लिहिणाऱ्यांनी काव्याचा घात केला असे माझे म्हणणे नाही. ‘बेओवुल्फ’चा शेवट जसाच्या तसा घेतला तर पुढच्या रविवारी कोणी खेळायला येणार नाही. तरीही मालक नसलेले सोने ही कल्पना निरागस राहत नाही. गुहेत शिरा, तिथे राहणाऱ्याला मारा किंवा बांधून विका, सापडेल ते उचला आणि त्यातून थोर व्हा, हा साचा इतिहास शिकणाऱ्याला दुसऱ्या प्रकरणांतूनही ओळखीचा वाटतो. त्या प्रकरणांतही सोने कोणाचे होते, हे लुटीच्या याद्यांत लिहिलेले नसते.

पुढे खेळाने स्वतःच वाट बदलली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याबद्दल अनुभव देणे ऐच्छिक झाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते गेलेच. सोने पगार राहिले नाही तसा ड्रॅगन वाढत गेला. वयाच्या अवस्था आठांवरून बारा झाल्या, बुद्धी वाढली, कारस्थाने आली. २०१४ च्या ग्रंथातला लाल ड्रॅगन आपल्या राशीतली प्रत्येक वस्तू कुठून आली हे लक्षात ठेवणारा आहे. स्मॉगची स्मृती त्याला परत मिळाली. २०२१ च्या ‘फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स’मध्ये तर काही वस्तू राशीत पडून राहून ड्रॅगनचे सामर्थ्य शोषून घेतात. तिथे रास आणि तिचा राखणदार हे वेगळे काढता येत नाहीत, जसे फाफनिरच्या बाबतीत काढता येत नव्हते.

पेला चोरणाऱ्या माणसाविषयी सांगायचे राहिले. ‘ग्रेहॉक’ने खेळात ‘चोर’ हा नवा पेशा आणला. कुलूप उघडणे, सावलीत लपणे, पाऊल न वाजवता चालणे, प्रत्येकाची टक्केवारी ठरलेली. ‘बेओवुल्फ’मध्ये त्या माणसाला नाव नाही. हस्तलिखिताचे ते पान फार खराब झाले आहे, आणि त्याला कवीने काय म्हटले तो शब्दच नीट वाचता येत नाही. पहिले अक्षर दिसते, पुढचे पुसट आहे. कोणी ‘गुलाम’ वाचतात, कोणी ‘चोर’, कोणी ‘सरदाराचा सेवक’. त्याने चोरी लोभाने केली नव्हती, एवढे कवी सांगतो. मारापासून पळताना आसरा शोधत तो त्या टेकाडात शिरला होता. पुढे राजा अकरा जणांनिशी निघतो तेव्हा वाट फक्त त्यालाच माहीत असते. मनाविरुद्ध, खालमानेने, तेरावा म्हणून तो पुढे चालतो, आणि टेकाड दाखवून झाल्यावर काव्यात पुन्हा दिसत नाही.